बॅटरीवरची पेंट स्प्रे गन: घरासाठी कोणती, धंद्यासाठी कोणती?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. पाथर्डी फाट्याजवळ आमचं रो हाउस आहे. दिवाळीच्या आधी पुढचं गेट, खिडक्यांची ग्रिलं, जिन्याचं रेलिंग, आतले दरवाजे आणि जमलंच तर कंपाउंडची भिंत एवढं रंगवायचं आहे. भावाचं अंबडला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. साइटवर ग्रिल बसवलं की वेल्डिंगच्या जागी आणि खरचटलेल्या ठिकाणी त्याला पुन्हा रंग मारावा लागतो, आणि नव्या बिल्डिंगमध्ये बऱ्याचदा लाइटचा पॉइंटच नसतो. म्हणून दोघांत मिळून बॅटरीवरची एक गन घ्यावी असं चाललंय.

ऑनलाइन बघायला बसले तर डोकं गरगरलं. कुठे २१ व्होल्ट, कुठे ४८, कुठे ८८. कुठे एचव्हीएलपी, कुठे एअरलेस. भिंतीला चालते का? एका चार्जिंगवर किती काम होतं? एकच गन घराला आणि धंद्याला पुरेल का? ज्यांनी वापरली आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

सिडकोचा_पेंटर

ताई, गन नंतर. आधी कोणता रंग आणि कशावर मारायचा ते ठरवा. बॅटरीची स्प्रे गन म्हणून ज्या विकल्या जातात त्या दोन अगदी वेगळ्या जातीच्या आहेत, आणि जाहिरातीत दोघींचा फोटो जवळपास सारखाच दिसतो.

पहिली टर्बाइनची, म्हणजे एचव्हीएलपी. आत पंखा फिरतो, हवा भरपूर येते पण दाब अगदी कमी. हवेच्या टोपीशी, म्हणजे गनच्या तोंडाशी, १० पीएसआय (दाबाचं माप) किंवा त्याहूनही कमी. ती हवा रंगाचे थेंब फोडते. दाब कमी म्हणून रंग कमी उडतो, फिनिश मऊ येतं. पण रंग पातळ लागतो. ऑइलपेंट, रेड ऑक्साइड, वुड प्रायमर, वार्निश हे टर्पेंटाइन घालून चालतं. त्यातही तुमच्या मॉडेलला टर्पेंटाइनचा रंग चालतो का, हे पुस्तिकेत आधी बघायचं, काही गनांना फक्त पाण्याचाच रंग चालतो. भिंतीचं इमल्शन, म्हणजे पाण्यावरचा जाड रंग, तिच्यातून काढायचं तर इतकं पाणी घालावं लागतं की झाकण्याची ताकदच जाते. रंगाच्या दोन हातांचं काम चार हातांवर जातं आणि वर ओघळ येतात ते वेगळे.

दुसरी एअरलेस. हिच्यात हवा नसतेच. पिस्टन रंगालाच दाबतो, हातातल्या छोट्या मशिनमध्येसुद्धा १५०० ते २००० पीएसआयपर्यंत, आणि बारीक छिद्रातून बाहेर पडताना रंग आपोआप फुटतो. इमल्शन, प्रायमर, एक्स्टिरिअर असं जाड मटेरियल ही ओढते. वेग जबरदस्त, किंमतही तशीच, आणि हात बसलेला नसेल तर पाच सेकंदांत अर्धा दरवाजा ओघळतो.

तुमच्या यादीत गेट, रेलिंग, दरवाजे आहेत. ते पहिलीचं काम. कंपाउंडची भिंत दोघींचंही नाही, तिला रोलर घ्या. ९ इंचाचा चांगला रोलर आणि काठी असली की एक माणूस दिवसात ती भिंत उरकतो. मास्किंग करायला नको, शेजाऱ्याच्या गाडीवर फवारा जायला नको.

सातपूर_मशीनशॉप

पेंटरदादांनी मुद्द्याचं सांगितलं. बॅटरीच्या आकड्यांचं मी सांगतो, कारण फसवणूक तिथेच होते.

लिथियमचा एक सेल सरासरी ३.६ व्होल्टचा, पूर्ण चार्ज झाला की ४.२. पाच सेल ओळीने जोडले की सरासरी १८ आणि भरल्यावर २१. म्हणजे १८ व्होल्ट, '२० मॅक्स' आणि २१ व्होल्ट या बॅटऱ्या मुळात एकाच ताकदीच्या. कोणी सरासरी छापतो, कोणी वरचा आकडा. ४८ व्हीएफ, ८८ व्हीएफ असं जे स्वस्तातल्या बॅटऱ्यांवर लिहिलेलं असतं ते व्होल्ट नव्हेत. आत बहुतेक वेळा तेच पाच सेल ओळीने असतात.

बघायचं ते व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. १८ व्होल्ट आणि ४ अँपिअर-तास म्हणजे ७२ वॅट-तास. आता टर्बाइनची मोटर ३०० वॅट खात असेल तर ७२ भागिले ३०० म्हणजे साधारण १४ मिनिटं. ४०० वॅटची असेल तर ११. बॅटरी २ अँपिअर-तासाची असेल तर याच्या निम्मं. हे ट्रिगर दाबून ठेवलेल्या वेळाचं गणित आहे, मधे थांबलात तर बॅटरी तेवढी जास्त वेळ पुरते. पण एका बॅटरीवर सगळं रेलिंग होईल ही आशा ठेवू नका. टर्बाइनवाली घेणार असाल तर ४ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या धरूनच किंमत काढा.

एअरलेसचं गणित वेगळं आणि मला ते फार आवडतं. २००० पीएसआय म्हणजे सुमारे १३८ बार. एक लिटर रंग १३८ बारने ढकलायला लागणारी ऊर्जा १३.८ किलोज्यूल, म्हणजे ४ वॅट-तासही नाही. मोटर, गिअर, घर्षण यांत दुप्पट-तिप्पट गेलं असं धरलं तरी एका लिटरला ८ ते १२ वॅट-तास. म्हणून एअरलेसची मोजदाद मिनिटांत न करता लिटरमध्ये करतात. ग्रॅकोची हातातली कॉर्डलेस डिवॉल्टच्या बॅटरीवर चालते, आणि एका चार्जला साधारण एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास रंग निघतो असं कंपनी सांगते. वरच्या हिशोबाशी ते जुळतं. टर्बाइनमध्ये बरीचशी ऊर्जा हवा हलवण्यात जाते, रंगाच्या वाट्याला थोडीच येते.

मखमलाबादकर

चांगला धागा. आमच्याकडे पाठीवरचा बॅटरी पंप आहे, १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाचा. त्याने गोठ्याच्या आणि पॅकिंग शेडच्या भिंतीला चुना मारतो, एकदम झकास होतं. पेंटला हाच चालणार नाही का? बारीक नोझल लावून?

सिडकोचा_पेंटर

भाऊ, चुना चालेल. चुना म्हणजे पाण्यातली निवळी, दुहेरी कापडातून गाळली, थोडा डिंक घातला की पंपाच्या दाबाला फुटते. ऑइलपेंट किंवा इमल्शन त्या दाबाला फुटत नाही, धार पडते. शिवाय वॉशर आणि पाइपात रंग एकदा सुकला की पंप कायमचा गेला. आणि चुन्याचा पंप वेगळाच ठेवा. औषधाच्या पंपात चुना किंवा चुन्याच्या पंपात औषध, दोन्ही नको.

मखमलाबादकर

बरोबर. औषधाचा वेगळाच आहे आमचा.

एक मात्र शेतीतलं इथेही लागू पडतं असं वाटतं. द्राक्षावर भुरीचं औषध मारताना थेंब जितका बारीक तितकं पान छान भिजतं, पण वारा असला की तितकंच उडून शेजारच्या प्लॉटमध्ये जातं. म्हणून आम्ही पहाटे नाहीतर वारा पडल्यावर सुरू करतो. ताईंनीही गेट सकाळी लवकर घ्यावं. आपल्याकडे ऊन चढलं की वाऱ्याचे झोत सुरू होतात.

देवळालीचा_सुतार

दरवाज्यांबद्दल मी लिहितो, रोजचं काम आहे.

दरवाजा चौकटीत उभा ठेवून स्प्रे करू नका. बिजागऱ्या सोडा, दरवाजा दोन घोड्यांवर (लाकडी स्टँडवर) आडवा टाका. उभ्यात जो ओघळ येतो तो आडव्यात आपोआप पसरून सपाट होतो. लांबी (पुट्टी) भरून, पॉलिशपेपर मारून, ओल्या फडक्याने धूळ पुसून मगच प्रायमर. स्प्रेने खड्डा भरत नाही, उलट चकाकीमुळे जास्त दिसतो.

गनच्या कपात एक वाकडी नळी असते. बरेच लोक तिच्याकडे बघतच नाहीत. आडव्या दरवाज्यावर खाली तोंड करून मारताना नळीचं टोक पुढच्या बाजूला फिरवायचं, छताकडे वर मारताना मागच्या बाजूला. नाहीतर कपात पाव लिटर रंग शिल्लक असतो आणि गन थुंकायला लागते. लोक म्हणतात गन खराब.

आता मटेरियल. पावसाळ्यात एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारू नका. हवेत ओल असली की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, वर बाष्प धरतं आणि पांढुरका थर येतो. दसऱ्यानंतर हवा कोरडी होते तेव्हा काम धरा.

सगळ्यात महत्त्वाचं पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशचं. दोन डब्यांचं पीयू असतं त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ब्रशने मारतानाही जपायचं असतं, स्प्रेमध्ये तर तेच धुक्यासारखं छातीत जातं. एकदा शरीराला त्याची अॅलर्जी बसली की पुढे नुसत्या वासानेही दम लागतो आणि ती आयुष्यभर जात नाही. कापडी रुमाल आणि साधा मास्क याला काहीच उपयोगाचे नाहीत. कारखान्यात त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा देणारा मास्क वापरतात. घरात बॅटरीची गन घेऊन दोन डब्यांचं पीयू मारायच्या भानगडीत पडूच नका. पाण्यावरचं एक डब्याचं वुड फिनिश मिळतं, तेवढ्याने घरचे दरवाजे सुंदर होतात.

उपनगर_ताई

मी टर्बाइनवाली बॅटरी गन वापरते. वेताच्या खुर्च्या, कुंड्यांचे स्टँड, बागेतला झोपाळा, जुनं लोखंडी कपाट असं बरंच केलंय आणि मी खूष आहे. वेताला तर ब्रश म्हणजे शिक्षा. प्रत्येक विणीत ब्रशचा रंग साचतो, गनने दोन पातळ हात मारले की विणी मोकळ्या राहतात.

पण माझी पहिली गन अनोळखी नावाची होती. बॅटरी दुसऱ्या वर्षी गेली. विकणाऱ्याकडे ते मॉडेलच नव्हतं, आणि त्या खाचेत बसणारी बॅटरी मला नाशिकमध्ये कुठेच मिळाली नाही. गन चांगल्या अवस्थेत असून पडून आहे. गोदाकाठ, तुमच्या भावाकडे आधीपासून बॅटरीचं ग्राइंडर किंवा ड्रिल असेलच. त्याच कंपनीच्या बॅटरीवर चालणारी गन मिळाली तर डोळे मिटून तीच घ्या, आणि 'बॉडी ओन्ली' घ्या. बॅटरी आणि चार्जरचे पैसे वाचतात आणि चार वर्षांनीही बॅटरी मिळते.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं तपशिलात कोणी सांगितलं नव्हतं. भावाकडे १८ व्होल्टचं ग्राइंडर आणि दोन बॅटऱ्या आहेत, म्हणजे हा मुद्दा खूप कामाचा आहे.

दोन प्रश्न. रंग किती पातळ करायचा हे कसं कळतं? आणि ग्रिलचे गज १० मिलिमीटरचे चौरस आहेत, त्यावर गन खरंच फायद्याची आहे का?

सातपूर_मशीनशॉप

पातळपणा नजरेने ठरवू नका, मोजा. गनबरोबर एक छोटा प्लास्टिकचा कप येतो, तळाला भोक असलेला. कंपनीत आम्ही फोर्ड कप नंबर ४ वापरतो, तत्त्व तेच. भोकाखाली बोट लावून कप काठोकाठ भरायचा, बोट काढलं की मोबाइलवर सेकंद मोजायचे. सलग धार तुटून पहिल्यांदा थेंब थेंब पडायला लागले की थांबायचं. गनच्या पुस्तिकेत प्रत्येक रंगापुढे सेकंद दिलेले असतात. जास्त सेकंद लागले तर थोडं टर्पेंटाइन घालून पुन्हा मोजा. एकदम ओतू नका, घातलेलं काढता येत नाही. आणि मोजताना जो कप वापरला त्याच्याच तक्त्याचे सेकंद बघा, फोर्ड कपाचे सेकंद आणि गनच्या कपाचे सेकंद सारखे नसतात.

थंडीत तोच रंग जाड होतो, हेही लक्षात ठेवा. डिसेंबरच्या सकाळी मोजलेला आणि मेच्या दुपारी मोजलेला यांत बराच फरक येतो.

सिडकोचा_पेंटर

गजांचा प्रश्न ताईंनी अचूक विचारला. बारीक गजावर गनच्या फवाऱ्यातला बराचसा रंग दोन गजांच्या मधून सरळ पलीकडे जातो. घरात बसवलेलं ग्रिल असेल तर पलीकडे म्हणजे काच, पडदा, भिंत. बसवलेल्या ग्रिलला माझं मत स्पष्ट आहे: दीड इंची ब्रश. मास्किंग करायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात ब्रशने एक हात होऊन जातो.

गनने करायचंच असेल तर ग्रिल बसवायच्या आधी, जमिनीवर, मागे पुठ्ठा लावून. फवारा पसरट न ठेवता गोल आणि बारीक करायचा, गन गजाला ४५ अंशांत धरायची म्हणजे एका फेरीत दोन बाजू भिजतात. मग उलट बाजूने तसंच. फुलांचं नक्षीकाम असलेलं जुन्या पद्धतीचं रेलिंग असेल, किंवा गेटला पत्र्याचं पॅनेल असेल, तर मात्र गनसारखी गोष्ट नाही. पत्र्यावर ब्रशच्या रेषा कितीही जपलं तरी दिसतात.

अंतर ६ ते ८ इंच. मनगट वळवू नका, हात पूर्ण सरळ सरकवा, नाहीतर मधे जाड आणि कडेला विरळ बसतो. ट्रिगर पॅनेलच्या बाहेर दाबायचा आणि बाहेरच सोडायचा. पुढची फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवायची. पहिला हात झाकायच्या मागे लागू नका, धुक्यासारखा बसला पाहिजे. खालचा रंग दिसतोय म्हणून तिथेच गन धरून ठेवली की ओघळ आलाच.

देवळालीचा_सुतार

+१. पहिला हात विरळच.

सातपूर_मशीनशॉप

धागा छान चालला आहे, पण एअरलेसबद्दल एक गोष्ट लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. नाशिकमध्ये डिझेल इंजेक्टर बनतात हे इथे कोणाला सांगायला नको. इंजेक्टर टेस्टिंगच्या बाकावर पहिला धडा असतो की फवाऱ्यासमोर बोट न्यायचं नाही. १३८ बारचा रंगाचा फवारा छिद्राशी त्याच जातीचा आहे. तो कातडी भेदून आत जातो.

बाहेरून सुई टोचल्याएवढा ठिपका दिसतो. सुरुवातीला फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस चिंधी गुंडाळून कामाला लागतो. आत मात्र रंग बोटाच्या शिरा आणि स्नायुबंधांच्या बाजूने वर पसरत जातो आणि काही तासांत बोट जायची वेळ येऊ शकते. असं झालं तर मलम नको, वाट बघणं नको. थेट सर्जन असलेल्या हॉस्पिटलमध्ये जायचं, जास्त दाबाने रंग आत गेलाय असं पहिल्या वाक्यात सांगायचं आणि रंगाच्या डब्याचं लेबल बरोबर न्यायचं. टर्पेंटाइन किंवा थिनरचा रंग असेल तर अजून घाई.

टिप, म्हणजे बारीक छिद्राचं पुढचं टोक, तुंबली की लोक बोटाने पुसतात. कधीच नाही. ट्रिगरला लॉक, दाब सोडायचा नॉब फिरवायचा, बॅटरी काढायची, मग हात लावायचा. टिप उलटी फिरवून अडकलेला कण बाहेर फेकायची सोय असते तेव्हाही तोंड बादलीकडेच हवं.

सिडकोचा_पेंटर

हे लिहिल्याबद्दल तुमचे आभार मानावे तेवढे थोडे. २०२७ चा सिंहस्थ जवळ आलाय, रंगकामं वाढतायत, नवी पोरं हौसेने मोठ्या मशिनवर उभी राहतात. त्यांना टिपचा नंबर सांगतात, हे सांगत नाही कोणी.

टिपचा नंबरही सांगून टाकतो, धंद्यासाठी वाचणाऱ्यांना उपयोगी पडेल. ५१५ असं लिहिलं असेल तर पहिल्या आकड्याची दुप्पट करायची, १० इंच. १२ इंचांवरून मारलं तर पट्टा तेवढा रुंद पडतो. शेवटचे दोन आकडे छिद्राचे, एका इंचाचे १५ हजारांश. दरवाज्याला, ऑइलपेंटला ३१०, ३१२ सारखी छोटी टिप, इमल्शनला ५१५, ५१७. हातातल्या बॅटरी मशिनला मोठ्या छिद्राची टिप झेपत नाही, पुस्तिकेत कमाल किती ते दिलेलं असतं. टिप घासून छिद्र मोठं झालं की पट्टा अरुंद होतो आणि रंग जास्त खातो, तेव्हा बदलायची.

कॉर्डलेस एअरलेस कोणाला फायद्याची? माझ्या मते ज्याच्याकडे मोठं एअरलेस मशीन आधीच आहे त्याला. हँडओव्हरच्या आधी दहाव्या मजल्यावर एका फ्लॅटचं सीलिंग आणि दोन दरवाजे राहिले असतील, तर मोठं मशीन, होज आणि केबल वर चढवायला नको. तेवढ्यापुरतं ती सोनं आहे. अख्खा टू बीएचके तिच्यावर काढायचा म्हटलं तर नाही. कपात एकच लिटर बसतो, सारखं भरत बसावं लागतं. रंग, बॅटरी आणि मशीन मिळून तीन किलोच्या आसपास वजन एका हातात, ते खांद्यावर येतं.

पंचवटीकर

थोडं विषयांतर होतंय, माफ करा. आमच्या जुन्या वाड्यातल्या सागवानी खांबांवर आणि महिरपींवर ऑइलपेंटचे कित्येक थर आहेत. ते घासून वर गनने वार्निश मारायचा विचार आहे.

देवळालीचा_सुतार

विषयांतर नाही हो, बरं झालं विचारलंत. कोरडं घासू नका. भारतात घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) ठेवणारे नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं आणि घासल्यावर ती धूळ लहान मुलांच्या पोटात जाते. पेंट रिमूव्हर लावून ओलं असताना पत्रीने खरवडा, खरवड प्लास्टिकवर गोळा करा, शेवटी ओलं पुसा. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर तेवढे दिवस दुसरीकडे राहिलेलं चांगलं. नक्षी मोकळी झाली की वार्निशला टर्बाइनची गन योग्यच आहे. खोबणीत समोरून न मारता दोन्ही तिरक्या बाजूंनी पातळ मारा, समोरून मारलं की हवा खोबणीतून उलटी येते आणि वार्निश तळाला पोचत नाही.

गोदाकाठ

भावाने धागा वाचला. त्याचं म्हणणं, साइटवरच्या डागडुजीलाच त्याला गन हवी होती, आणि तो वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसरच्या गनने एनसी थिनर घालून मारतो. बॅटरीच्या गनमध्ये तेच मटेरियल टाकलं तर?

सिडकोचा_पेंटर

नको. साफ नको. कॉम्प्रेसरची मोटर लांब असते, गनमध्ये फक्त हवा येते. इथे मोटर, स्विच, बॅटरी सगळं धुक्याच्या शेजारी. बऱ्याच बॅटरी गनांच्या पुस्तिकेत फक्त पाण्यावरचे रंग किंवा अमुक फ्लॅश पॉइंटच्या (ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेटू शकते त्याच्या) वरचेच रंग असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

सातपूर_मशीनशॉप

आकड्यात सांगतो म्हणजे भावाला पटेल. एनसी थिनरमध्ये टोल्युइन असतं, त्याचा फ्लॅश पॉइंट ४ अंश सेल्सिअस. म्हणजे नाशिकच्या थंडीतसुद्धा त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते. साध्या मिनरल टर्पेंटाइनचा ३८ च्या आसपास. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा ४० ला टेकतो आणि उन्हातला पत्रा त्याहून तापलेला असतो, तेव्हा टर्पेंटाइनही निर्धोक राहत नाही. वेल्डिंग चालू असलेल्या मजल्यावर तर कोणतीच गन काढू नका.

सिडकोचा_पेंटर

आणि डागडुजीला गन लागतच नाही हो. तळहाताएवढ्या जागेसाठी गन भरायची, मारायची, परत धुवायची, यात अर्धा तास जातो. वेल्डिंगचा पापुद्रा वायर ब्रशने काढा, झिंक फॉस्फेट प्रायमर दोन इंची ब्रशने लावा, सुकला की वर रंग. फारच चकचकीत काम असेल तर त्याच शेडचा स्प्रे कॅन. ताई, म्हणजे गन तुमच्या घरासाठी घ्या, टर्बाइनची, भावाच्या बॅटरीवर बसणारी. टर्पेंटाइनचा रंग तिला चालतो का ते पुस्तिकेत बघून. भावाने जमिनीवरच सगळे हात पूर्ण करून माल साइटवर न्यावा, बसवताना कोपऱ्यांना जुनी चादर गुंडाळावी. डागडुजी निम्म्याने कमी होईल.

गोदाकाठ

पटलं. भावालाही. रविवारी मेनरोडला जाऊन दोन-तीन दुकानांत बघणार आहोत. दुकानात नेमकं काय तपासू?

सिडकोचा_पेंटर

कपात पाणी भरून पुठ्ठ्यावर मारून दाखवा म्हणा. पट्टा वरून खालपर्यंत सारखा हवा. मधेच जाड किंवा एका बाजूला वाकडा असेल तर दुसरा पीस मागा. टोपी फिरवून आडवा, उभा आणि गोल तिन्ही पट्टे बघा. ट्रिगर अर्धा दाबल्यावर आधी हवा आणि मग रंग यायला हवा. बॅटरी लावून, पाण्याने भरलेला कप ठेवून दोन मिनिटं हात पुढे करून धरा, वजन तिथेच कळेल. पक्कं बिल घ्या, बॅटरीची वॉरंटी गनपेक्षा वेगळी असते ती लिहून घ्या.

उपनगर_ताई

नोझल दोन मापांची मिळतात का विचारा. ऑइलपेंट आणि वार्निशला १.८ मिलिमीटर पुरतं, प्रायमर जाड असतो त्याला २.५ लागतं. रंग ओतताना घालायची बारीक जाळीची गाळणी घ्याच, डब्यातली साय नोझलमध्ये अडकते. मास्क साधा नको. एन-९५ कण अडवतो, टर्पेंटाइनची वाफ अडवत नाही. तिला कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो.

धुताना कपाच्या झाकणापाशी एक बारीक पारदर्शक नळी आणि तिच्या टोकाला नखाएवढी पातळ रबरी चकती असते, ती काढून स्वतंत्र धुवा. गन तिरकी झाली की रंग त्या नळीत शिरतो, सुकला की कपात हवा जात नाही आणि रंग येणंच बंद होतं. गन कधी बंद पडली असं वाटलं तर पहिल्यांदा तिथे बघा. चकती हरवली तर गन चालत नाही, म्हणून घेतानाच एक जास्तीची मागून घ्या. आणि बॅटरी गाडीच्या डिकीत ठेवू नका. उन्हात तापलेली असेल तर सावलीत गार होऊ द्या, मगच चार्जिंगला लावा.

गोदाकाठ

चकती, १.८ आणि २.५, गाळणी, कार्ट्रिजचा मास्क, सगळं लिहून घेतलं. गेटच्या पॅनेलपासून सुरुवात करते, फोटो इथेच टाकेन.